माशाच्या टँकरचा केरबा

आमच्या केरबाला तुमी कवा बघितलं असंल तर टँकरवरच बघितलं असंल. जतच्या पूर्वेला ज्यांनी दुष्काळ काढला, त्यांनी त्यो टँकर वळखला न्हाई असं हुयाचंच न्हाई. निळी टाकी, आन् टाकीच्या दोन्ही अंगाला मोठं मासं काढल्यालं. पाण्यातनं वर उडी मारल्यालं, तोंडावर हसू. मिरजंच्या पेंटरनं काढल्यालं. त्येला डॉल्फिन म्हंत्यात ह्ये आमाला लय मागनं कळलं. लोकं आपली ‘माशाचा टँकर आला’ म्हणायची.

त्यो माझा धाकटा भाऊ. मी बिराप्पा. माझी शाळा पाचवीपतुर, पर तहसीलदारापुढं मी खुर्ची ओढून बसतो आन् त्यो मला चहा सांगतो. माझी मेंढरं बघाया कर्नाटकातनं लोकं येत्यात. बाप गेला तवा केरबा माझ्या कमरंएवढा हुता. त्येला मी वाढवला, गाडी शिकाया मी धाडला, त्येचं लगीन मी लावलं. तवा त्येच्याबद्दल सांगायचा हक्क पयला माझा, आन् मी काय कमी करून सांगणार न्हाई.

केरबावाणी टँकर मागं घेणारा ड्रायव्हर तालुक्यात नव्हता. गावच्या हिरीत पाणी सोडायचं असायचं. टाकी भरल्याली, वाट उताराची, हिरीला कठडा न्हाई, आन् चारी बाजूनं बाया-पोरं घागरी घिऊन धावल्याली. दुसरा ड्रायव्हर असता तर कुणाला तरी चिरडून बसला असता. केरबा निस्त्या आरशात बघून मागलं चाक हिरीच्या कडंला वीतभर ठिऊन थांबवायचा. मंग खाली उतरायचा, टाकीच्या नळाच्या व्हॉलवर हात ठेवायचा आन् म्हणायचा, “रांगेनं या. ढकलू नगा. म्हाताऱ्या बाया आदी.” रांग लागस्तवर व्हॉल फिरवायचा न्हाई. म्हाताऱ्यांच्या कळश्या सवता भरायचा आन् सवता त्यांच्या कमरंवर ठेवायचा. टँकरमधलं पाणी त्यो कवा प्याला न्हाई. घरनं बाटली न्ह्यायचा. “त्ये गावाचं हाय,” म्हणायचा.

पोरं टाकीवरच्या माशाला हात लावून इचारायची, “मामा, ह्यो मासा खरंच अशी उडी मारतो का?”

“बघून आल्यावर सांगतो,” केरबा म्हणायचा.

सगळ्यात जास्ती इचारायची ती त्येची पोरगी क्रांती. तिला त्यानं शब्दच दिला हुता, एक दिवस तुला खरा दावतो म्हणून. पर उन्हाळ्यात टँकर सोडून जाणार कसा, आन् पावसाळ्यात बी आमच्याकडं उन्हाळाच. ऱ्हायलं त्ये ऱ्हायलंच.

मंग कालव्याचं पाणी आलं. ज्या पाण्यासाठी माझ्या बापानं मोर्च्यात लाठ्या खाल्ल्या त्ये पाणी आमच्या शिवारात आलं. हलगी लावली, गुलाल उधळला, पयला नारळ मी फोडला आन् दुसरा केरबानं. सगळ्या गावात त्योच जास्ती खूश हुता. पाण्यात पाय सोडून बसला आन् मला म्हणला, “आण्णा, आता म्हाताऱ्यांस्नी माझी वाट बघाया नगं.”

खरंच कुणी त्येची वाट बघितली न्हाई. ठेकेदारानं टँकर दुसऱ्या जिल्ह्यात इकला. मासं खरवडून टाकीला दुसरा रंग दिला असं कानावर आलं. केरबा घरी आला आन् दारातल्या लिंबाखालच्या कट्ट्यावर बसला. आमी म्हणलं, बसू दे, दमलाय, इतकी वर्सं हुबा हुता. त्यो बसला त्यो बसलाच.

दारू न्हाई, भांडण न्हाई. दारूचं असतं तर मी दोन कानाखाली दिऊन सोडवली असती, गावात चौघांची सोडवलीया. ह्येला काय करायचं? ट्रॅक्टरवर लावला तर दुसऱ्याच दिवशी मालकाला चावी परत दिऊन आला. मेंढरामागं धाडला तर कळप दुसऱ्याच्या डाळिंबात सोडून सवता घरी. डाळिंबवाला भांडाया आला तवा मीच त्येला इतका झापला की जाताना त्यो माझ्याकडं चहा पिऊन गेला. मिरजंच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, तर आदी बसायचा त्यो निजाया लागला.

मेंढरात असं एखादं निघतंय. रोग न्हाई, जखम न्हाई, निस्तं बसतंय. उठवून हुबं केलं की चार पावलं जातंय आन् परत बसतंय. माझा बाप म्हणायचा, असल्याला घोंगडं घालावं, पाणी पाजावं आन् फार आशा धरू नये. पर केरबा मेंढरू न्हाई, माझा भाऊ हाय, असं मी मला सांगायचो.

एका सकाळी त्येची बायको मंगल डोक्यावर पदर घिऊन माझ्यापुढं आली. बाई कष्टाळू. दुसऱ्याच्या द्राक्षबागंत राबून तिनंच घर चालवल्यालं.

“भावजी, एक सांगू?”

“सांग की.”

“शाळा सुरू व्हायच्या आदी मी क्रांतीला घिऊन लोणंदला जाती. भावानं खोली बघितलीया. मला बी कंपनीत लावतो म्हणतोय.”

“आन् केरबा?”

“त्यांस्नी इचारलं. ‘जा’ म्हणलं. ‘तुमी येताय का’ म्हणलं तर ‘बघू’ म्हणलं.” तिनं कट्ट्याकडं बघितलं. “भावजी, माझं एक असू दे. पर पोरगी बापाला बघून तशीच व्हाया लागलीया. शाळंतनं आली की दप्तर टाकून त्यांच्याशेजारी बसती. दोघं बी रस्त्याकडं बघत्यात. कुणी बोलत न्हाई. मला त्येचं भ्या वाटतंय.”

मी बी त्ये बघितलं हुतं. बघून न बघितल्यावाणी केलं हुतं.

“माझ्या घरची सून पिशवी घिऊन म्हायेरला जाणार? लोकं बिराप्पाला काय म्हणतील?”

“लोकांचं सोडा. त्यांस्नी उठवा. उठलं तर मी कुठंबी जात न्हाई.”

“एक जूनपतुर थांब. उठवतो. न्हाई उठला तर मी सवता तुला एष्टीत बसवीन. धनगराची जबान हाय.”

एक जून म्हंजी केरबाचा वाढदिस. तसा आमच्या निम्म्या गावाचा वाढदिस एक जूनलाच. गुरुजींनी शाळंत नाव घालताना जी तारीख सोपी पडली ती टाकली. आई सांगायची, केरबा थंडीत झाला, कळप कृष्णाकाठाला गेल्यावर, मेंढरं कोंडायच्या वाघरीशेजारी शेकोटी पेटवून. पर आईला तारीख कुठली म्हाईत? कागदावर एक जून हाय म्हंजी एक जून. आमच्या घरात कवा कुणाचा वाढदिस केला नव्हता. ह्यो पयला करायचा आन् तालुक्यानं बघावा असा करायचा, असं मी ठरवलं.

डोकं क्रांतीनं दिलं. मोबाइलवर मला दावलं. कोकणात होडीत बसवून डॉल्फिन दावत्यात, अगदी होडीपाशी उड्या मारत्यात. “आण्णा, आबांनी मला शब्द दिलाय. पर त्ये आता न्हेणार न्हाईत. आपणच त्यांस्नी न्हिऊया.” मला पटलं. ज्या माशाला पाठीवर घिऊन त्यो जल्मभर फिरला, त्यो खरा दिसला तर माणूस दगड असला तरी उठंल.

पर सांगून केरबा आला नसता. देवाचं म्हणलं की आमच्यात कुणी न्हाई म्हणत न्हाई. मी म्हणलं, “केरबा, पाटणच्या पुढं एका देवाला नवस फेडायचाय. तू लागतोस.” त्यानं मान हालवली.

माझी बायको रंगुबाई मागनं म्हणली, “आवं, देवाच्या नावानं खोटं बोलताय.”

“समुद्र बी देवच हाय.”

“मंग त्येला नारळ तरी घ्या.”

नारळ घेतला. भाड्याची जीप सांगितली, ड्रायव्हर बाळासो. निघताना मी बाळासोकडनं चावी घिऊन केरबापुढं धरली. “चालवतोस का? घाट हाय, बाळासोला जमतंय न जमतंय.” त्यानं चावीकडं बघितलं आन् मागल्या शिटावर जाऊन बसला. मंगलनं तिची पिशवी चढवली. दोन दिसाच्या मानानं पिशवी लय मोठी हुती. मी बघितलं.

कराडात केक घेतला. त्येच्यावर डॉल्फिन काढाया सांगितला.

“आण्णा, ह्ये बदक हाय,” क्रांती कानात म्हणली.

“खाल्ल्यावर कळत न्हाई.”

केक शिटाखाली दडवला. पाटण गेलं, कोयनानगरला चहा प्यालो. चहा पिऊन धरण दिसतंय तितं जाऊन हुबं ऱ्हायलो. मे म्हैन्याचं पाणी, बरंच खाली गेल्यालं, तरी नजर ठरंना येवढं. केरबा कठड्याला हात लावून बघत ऱ्हायला. सकाळपास्नं त्येच्या तोंडातनं शब्द नव्हता.

“आण्णा,” त्यो म्हणला, “ह्ये किती टँकर हुईल?”

मी मंगलकडं बघितलं. तिनं बी माझ्याकडं बघितलं. बाळासो आपला हसत म्हणला, “मोजाया जल्म जाईल, गड्या.”

“जल्म गेलाच की,” केरबा म्हणला आन् गाडीत जाऊन बसला.

बोलला त्ये वाईटच बोलला. पर बोलला ह्येच मला लय वाटलं. कुंभार्लीचा घाट उतरताना रंगुबाई खिडकीतनं तोंड काढून वकत हुती, आन् मी मनात फटाकं फोडत हुतो.

दर्याकाठच्या गावात एका घरगुती खानावळीत खोल्या घेतल्या तवा दिवस मावळला हुता. माडाच्या आडनं समुद्राचा आवाज यायचा. केरबा वट्यावर बसून ऐकत हुता.

“ह्यो कसला आवाज, वैनी?”

“देवाचा,” रंगुबाई म्हणली आन् माझ्याकडं डोळं वटारून आत गेली.

सकाळी मी पटका बांधला, घोंगडं खांद्यावर टाकलं. त्ये घोंगडं माझ्याच काळ्या मेंढरांच्या लोकरीचं, सणगरानं विणल्यालं. पाच-धा गावात तसलं घोंगडं न्हाई. केरबाला म्हणलं, चल. माडाच्या बागंतनं बाहीर पडलो आन् समदा समुद्र एकदम पुढ्यात आला. केरबा थांबला.

“आज तुझा वाढदिस,” मी म्हणलं. “तुझ्या टाकीवरचा मासा आज तुला खरा दावतो. मी आणलाय तुला हितं, मी.”

केरबानं माझ्याकडं बघितलं, मंग क्रांतीकडं. ती वठ दाबून हसत हुती. त्येच्या तोंडावर काय तरी हाललं.

“कुठाय?” त्यो म्हणला.

मी होड्यांकडं बघितलं. सगळ्या होड्या वर वाळूत ओढून ठेवल्याल्या. वरनं ताडपत्र्या, दोऱ्या आवळल्याल्या. एक गडी एका होडीचं बूड खरवडत बसला हुता, त्येची बायको जाळं गुंडाळत हुती.

“होडी काढा,” मी म्हणलं. “घरची माणसं हायेत. डॉल्फिन बघायचाय.”

“बंद झाल्या, दादा. मागच्या आठवड्यापासून बंद. दर्या खवळतो आता. आजपासून तर मासेमारी पण बंद.”

“आज ह्येचा वाढदिस हाय.”

“असेल हो. दर्याला काय त्याचं?”

“मी कोण हाय म्हाईत हाय का? जतचा तहसीलदार मला चहा सांगतो.”

“मग त्या तहसीलदारालाच सांगा, दर्याला जरा शांत कर म्हणावं.”

त्येची बायको जाळ्याआड तोंड लपवून हसली. माझ्या अंगाची आग झाली. दुप्पट घे म्हणलं, तरी त्यो आपला खरवडतोय. मंग जरा नरमाईनं म्हणला, “माझ्यावर रागावू नका. तुमचा जीव गेला तर मी काय करू? थंडीत या. थंडीत घोळकेच्या घोळके असतात, इथून काठावरूनच दिसतात.”

“थंडीतच झाल्यात ह्ये,” मंगल म्हणली. कुणाला उद्देशून न्हवं, आपली वाळूकडं बघून.

“आण्णा, ऱ्हाऊ दे,” केरबा म्हणला, आन् तितंच वाळूत बसला. कट्ट्यावर बसतो तसाच. हात गुडघ्यावर, नजर पुढं. क्रांती त्येच्याशेजारी बसंल असं मला वाटलं. पर ती रागानं वाळू उडवत एकटीच पार टोकाच्या खडकाकडं चालत गेली. आन् थोड्या येळानं तितनं वराडत पळत आली.

“आबा, मासा. आबा, चला. तुमचा मासा.”

खडकाजवळ लाटा मागं गेल्यावर उरल्याल्या चिखलात त्यो पडला हुता. लांबनं मला वाटलं, कुणाचं मेल्यालं रेडकू. जवळ गेलो तर शेपूट माशाचं. बोकडापरीस जरा लांब. निळा न्हाई, राखुंडीच्या रंगाचा. हसू न्हाई, अंगभर ओरखडं. टाळूवर एक भोक, त्ये फुसकन उघडायचं आन् मिटायचं.

“जित्ता हाय,” केरबा म्हणला. आन् मंग, “आण्णा, घोंगडं.”

मी इचारलं न्हाई कशाला. माझ्या लग्नात बी खांद्यावरनं न उतरल्यालं घोंगडं मी त्येच्या हातात दिलं. त्यो त्ये घिऊन लाटंत घुसला, भिजवून वढत आणलं आन् त्या जनावरावर पसरलं. होडीवाला बी धावत आला हुता. “डोक्यावरच्या भोकात पाणी जाऊ देऊ नका,” म्हणला, “तिथूनच श्वास घेतो. पिल्लू आहे. आईपासून सुटलंय.”

केरबानं भोकाभवती घोंगडं मुडपलं आन् हुबा ऱ्हायला. मी सांगतो, त्यो हुबा ऱ्हायला. “बादल्या आणा. कळश्या आणा. गाडीतला कॅन आण, बाळासो, बघत काय हुबा ऱ्हायलायस?”

भवती माणसं जमली. पुण्याकडची पोरं मोबाइल वर धरून पुढं पुढं घुसाया लागली. आन् मंग त्यो आवाज आला. वर्सादीड वर्सात न ऐकल्याला, हिरीच्या काठावरचा आवाज.

“रांगेनं या. ढकलू नगा. फोटो मागनं, बादली आदी.”

एका पोरानं इचारलं, “काका, तुम्ही फॉरेस्टवाले का?”

“टँकरवाला हाय. धर बादली.”

रांग लागली. पाण्यापास्नं त्या जनावरापतुर बादल्या हातोहात याया लागल्या आन् रांगेच्या टोकाला केरबा. कळशी घ्यायचा आन् म्हाताऱ्या बाईच्या कमरंवर ठेवावी तशी हळू वतायचा. मंगलनं पदर खवला आन् सगळ्यांच्या पुढं पाण्यात घुसली. भिजल्याली, केस सुटल्यालं, कळशी पुढं सरकवत रंगुबाईला म्हणली, “आलं बघा, अक्का, माझं माणूस परत.” माझ्या कानानं ऐकलं मी.

रंगुबाई मातर घोंगड्याकडं बघत हुती. “आवं, त्येला आपल्या मेंढरांचा वास लागतोय. माणसाचा वास लागला तरी मेंढी पोराला जवळ करत न्हाई. ह्येची आई करंल का?”

“समुद्रात कसला वास,” मी म्हणलं.

पाणी चढाया लागलं तसं होडीवाला म्हणला, आता सोडून बघू. घोंगड्याचं चार कोपरं धरलं. एक मी, एक केरबा, एक होडीवाला, एक बाळासो. मधनं ती पोरं. छातीएवढ्या पाण्यात गेलो. मला पवाया येत न्हाई ह्ये मी कुणाला कळू दिलं न्हाई. घोंगडं खाली सोडलं आन् त्यो निसटला. पाठ दिसली, शेपूट हाललं आन् गेला. काठावर टाळ्या पडल्या. केरबा कमरंवर हात ठिऊन बघत हुता, तोंडावरनं पाणी गळत हुतं आन् त्यो हसत हुता. टाकीवरच्या माशागत.

मी बाहीर येऊन मंगलला म्हणलं, “ती पिशवी आता लोणंदला न्हाई. घरी न्ह्यायचीया ती.” ती हसली. तिला हसताना मी कवापास्नं बघितलं नव्हतं.

क्रांतीनंच पयल्यांदा बघितलं. लाटंवर त्यो तिरपा झाला हुता. एक मोठी लाट आली आन् त्येला आणून परत वाळूत टाकलं.

परत न्हेला. परत आला. तिसऱ्यांदा न्हेला तवा त्यानं शेपूट बी हालवलं न्हाई. होडीवाला म्हणला, “दादा, आता नको. हाल होतात त्याचे.” पुण्याची पोरं निघून गेली. रांग मोडली. केरबा एकटाच पाणी आणायचा आन् वतायचा, आणायचा आन् वतायचा. भोक लांब लांबनं उघडाया लागलं. मंग उघडलंच न्हाई. आमी समद्यांनी बघितलं, पर त्येला सांगणार कोण? ऊन डोक्यावर आलं तरी त्यो वतत हुता. शेवटी क्रांतीनं त्येच्या हातातली कळशी धरली.

“आबा, ऱ्हाऊ द्या आता.”

“भवती येवढं पाणी,” त्यो म्हणला. “आन् पाण्यानं बी हुईना.”

मंग त्यो बसला. हात गुडघ्यावर, नजर पुढं. आन् क्रांती त्येच्याशेजारी बसली. तशीच. ह्ये बघून मंगल उठली, पदर पिळला आन् खोलीकडं चालती झाली.

रंगुबाईनं कनवटीची भंडाऱ्याची पुडी काढली. बिरोबाचा भंडारा, घरातलं मेंढरू गेलं तरी आमी लावतो. त्या जनावराच्या कपाळाला बोटभर पिवळा लावला. माझ्या पिशवीतला नारळ तसाच ऱ्हायला. मागनं फॉरेस्टची माणसं आली आन् वर वाळूत खड्डा काढून त्येला पुरलं. केक शिटाखाली पार पातळ झाला हुता, त्यो मी गावच्या कुत्र्यांस्नी घातला. वाढदिस झाला.

दुसऱ्या दिवशी माघारी निघालो. घाट चढलो. कोयनेला थांबलो न्हाई. कराडचा स्टँड आला तसा मंगलनं पिशवी मांडीवर घेतली.

“भावजी.”

मला काय कळलं न्हाई असं न्हाई. मी पाटलाला तोंडावर न्हाई म्हणल्यालं हाय, आमदाराच्या गाडीला आडवा गेल्यालो हाय. एका बाईला ‘उतरू नगं’ म्हणाया मला काय जड हुतं? पर शब्द मीच दिला हुता. आन् पोरगी कशी बसली हुती त्ये मी सवता बघितलं हुतं. बाळासोला म्हणलं, थांब. पिशवी मी उचलली. लोणंदची गाडी लागल्याली हुती. खिडकीपाशी जागा धरून दिली, कंडक्टरला सांगितलं, माझ्या घरची माणसं हायेत, नीट उतरव.

केरबा जीपमधनं उतरंल असं मला वाटलं नव्हतं. उतरला. क्रांतीची पाण्याची बाटली हातात घेतली, स्टँडवरच्या नळाला गेला. आदल्या कुणाचं तरी पाणी तळाला हुतं त्ये वतून टाकलं, बाटली खळबळून धुतली, गळ्यापतुर भरली, झाकण आवळलं, सदऱ्याच्या टोकानं बाहीरनं पुसली. आन् खिडकीतनं तिच्या हातात दिली.

“आबा, तुमी कवा येणार?”

“बघू,” त्यो म्हणला.

मंगल दुसऱ्या बाजूला बघत हुती. गाडी हालली. आमी जीपमधी येऊन बसलो. माझ्या पायाशी घोंगड्याचं बोचकं हुतं, त्यातनं अजून पाणी निथळत हुतं.

त्या घोंगड्याला खार बसलाय. दोनदा धुतलं तरी जात न्हाई. आभाळ आलं की त्ये आपसूक दमट हुतंय. मी खांद्यावर घेत न्हाई आता, लिंबाच्या फांदीवर टाकलंय, केरबाच्या डोक्यावर. त्यो खाली बसल्याला असतो. रंगुबाई चहा देती, पितो. कालव्याला पाणी सुटलं की गावातली पोरं बोंबलत पळत्यात, त्यो बघत बी न्हाई.

लोणंदला बरं चाललंय म्हंत्यात. मंगलला काम लागलं. क्रांती शाळंतनं आल्यावर शेजारच्या पोरींबरबर खेळती. रईवारी तिचा फोन येतो.

“आण्णा, आबा काय करत्यात?”

आदी मी म्हणायचो, उठंल, मी हाय की, माझी जबान हाय.

“बसलाय,” मी म्हणतो. “तू पाणी पिलीस का?”